विजेची साठवण आणि शेतकऱ्याची जमीन

सूर्यास्तानंतर सौर वीजनिर्मिती थांबते आणि नेमकी तेव्हाच विजेची मागणी वाढते. दिवसाची वीज रात्रीसाठी राखून ठेवण्याचे एक साधन म्हणजे लिथियम-आयन बॅटऱ्यांचे साठवण केंद्र होय. त्यास वीज उपकेंद्रानजीकची सपाट जमीन लागते आणि ग्रामीण भागात अशी जमीन बहुधा शेतकऱ्याच्या मालकीची असते.

२०२३ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सौर प्रकल्पांच्या जमिनीसाठी हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे व दरवर्षी ३ टक्के वाढ ठरविण्यात आली. साठवण केंद्रासाठी जमीन देतानाही हा दर तुलनेस उपयुक्त ठरतो.

तथापि, केवळ भाडे पाहून भागत नाही. वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु काँक्रीटचे चौथरे काढून जमीन पूर्ववत करणे, आगीपासून संरक्षण व नुकसानभरपाई या बाबी करारातच स्पष्ट असाव्या लागतात. सातबारावरील सर्व सहधारकांची संमती घ्यावी आणि दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा. स्वाक्षरीपूर्वी करार मराठीतून वाचून व समजावून देण्याच्या कामी ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक मोलाचे साहाय्य करू शकतील.