वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हरचा लोभ

शेतकऱ्याच्या घरांत वाडवडिलांच्या वस्तूंस मोठा मान असतो. पाभर मोडली तरी तिचें चाडें माळ्यावर जपून ठेवितात. असाच लोभ कित्येक घरांत जुन्या शस्त्राविषयीं आढळतो. परंतु पाभर कोणाच्या हातीं गेली तरी सरकार विचारीत नाहीं. शस्त्राची मात्र पावलोपावलीं नोंद लागते. हा भेद ओळखून लोभ कसा राखावा, हें आमच्या परिचयाच्या एका वयोवृद्ध बागाईतदारांच्या उदाहरणावरून सांगावयाचें आहे.

या गृहस्थांस सर्वजण आबा म्हणतात. त्यांच्यापाशीं बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचें .३२ बोअरचें सहाबारी रिव्हॉल्व्हर आहे. वेब्ली आणि स्कॉट हे कारखाने १८९७ सालीं एकत्र झाले. या जातीच्या रिव्हॉल्व्हरची ठेवण मोठी सुबक. अंगठ्यानें खिटी दाबून नळी खालीं वांकविली कीं चक्रीच्या मधला तारा वर उचलला जातो आणि साऱ्या रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात.

वडिलांच्या पश्चात् तें पुष्कळ वर्षें जमा राहिलें. परवाना मिळून आबांच्या हातीं आलें तेव्हां चक्री गंजानें फिरेनाशी झाली होती, घोड्याची कमान मोडली होती आणि मुठीच्या पट्ट्या तडकल्या होत्या. आबांनीं तें शहरांतील परवानाधारक कारागिराकडे नेलें. कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें असलें काम परवान्यावांचून कोणास करतां येत नाहीं. कारागिरानें गंज तेलांत भिजवून हलक्या हातानें काढला, नवी कमान घातली, शिसवी पट्ट्या बसविल्या. चिरंजीव म्हणाले, "आबा, घांसून वर निकेलचा मुलामा देऊं या." आबा उत्तरले, "बाळा, चकाकीपायीं नंबर पुसला, तर हें आपलें म्हणून कशावरून सांगशील?" शेतास जसा गट नंबर, तसा शस्त्रास त्याचा नंबर, तो घांसणें वा बदलणें हा कायद्यानें गुन्हा आहे.

जुन्या किंवा बिघडलेल्या शस्त्रास परवाना नको, अशी एक समजूत खेडोपाडीं आहे. ती अर्धवट आहे. जुनाट घडणीचें, पुराणवस्तु म्हणून मोलाचें अथवा मोडकें असून, जें दुरुस्त करूनही चालणार नाहीं, अशाच शस्त्रास सूट आहे. आबांचें रिव्हॉल्व्हर गंजलेलें असतांनाही या सुटींत बसत नव्हतें. तसेंच, बोअर जुळलें म्हणजे काडतूस जुळलें असें नव्हे. धूररहित दारू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. त्यापूर्वींचीं शस्त्रें काळ्या दारूच्या बेताचीं असून नव्या काडतुसानें फुटण्याचें भय असतें. जाणकारानें तपासल्याखेरीज बार काढूं नये. रानडुकरांवर तर या आंखूड नळीचा भरंवसा मुळींच धरूं नये.

आबा महिन्यांतून एकदां तें पुसून तेलाचा हात देतात. चामड्याच्या म्यानांत ठेवीत नाहींत, कारण चामडें ओल धरतें व लोखंड खातें. काडतुसें वेगळ्या कुलपांत असतात.

त्यांच्या लोभाची खरी पारख मात्र भाऊबंदकीच्या वेळीं झाली. बांधाच्या वांटणीवरून घरांत तंटा पेटला, तेव्हां आबांनीं कोणी न सांगतां तें रिव्हॉल्व्हर परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीसाठीं जमा केलें आणि पावती कपाटांत ठेविली. भाऊ ऐकून म्हणाले, "दादा, आमची भीति वाटली काय?" आबा म्हणाले, "तुमची नव्हे रे, माझ्या रागाची." बांधाची मोजणी होऊन तंटा मिटला, त्यानंतरच तें घरीं आलें. हत्याराच्या लोभाहून भावाचा लोभ मोठा, हें ज्यास कळलें त्याच्याच घरीं असली वस्तु शोभते.

पुढील पिढीची व्यवस्थाही वेळींच पाहावी. मालक वारल्यावर मुलें मायेनें हत्यार कणगींत दडवितात आणि नकळत गुन्हेगार ठरतात. तें विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग वारसानें अर्ज करावा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें परवानाधारकास सत्तर वर्षें पुरीं झालीं, अथवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षें झालीं, म्हणजे त्याच्या हयातींतच वारसाच्या नांवें परवाना मागतां येतो. २०१९ च्या दुरुस्तीनें सामान्यतः एका व्यक्तीस दोनच शस्त्रें ठेवतां येतात, वारसाहक्कानें आलेलीं धरून; परवान्याची मुदत पांच वर्षांची झाली आहे.

आबांनीं सत्तरी गांठतांच चिरंजिवांच्या नांवें अर्ज दिला आणि सोबत ती जुनी पावतीही त्यांच्या हवालीं केली. शस्त्राबरोबर तें केव्हां घराबाहेर ठेवावें याची समजही वारसास मिळाली, तरच वारसा पुरा झाला असें आम्ही समजतों.