बाळाचं पोट, घरची स्वच्छता आणि पुढचं वजन

गटाच्या बैठकीत मुलांच्या वजनाचा विषय निघाला की आपण कुपोषणावर बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आणखी एक आकडा आहे. देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत जास्त वजनाची मुलं आधीच्या पाहणीत शंभरात २.१ होती, ती ३.४ झाली. आकडा लहान आहे, पण चढता आहे.

"आमच्या गावात कुठं आलीत लठ्ठ मुलं?" असं आजीबाई म्हणतील. पुण्याजवळच्या सहा गावांत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने १९९३ पासून गरोदर बाया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हातापायांनी बारीक, स्नायू कमी, पण अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे बाळ दिसायला किडकिडीत, तरी आतून चरबीकडे झुकलेलं. म्हणून हा विषय आपलाही आहे.

आता जंतूंकडे येऊ. सगळेच जंतू वाईट नसतात. विरजणात असतात तसे उपयोगी जंतू बाळाच्या आतड्यातही वस्ती करतात. आईच्या दुधात एक प्रकारची साखर असते, ती बाळाला पचतच नाही. ती असते या चांगल्या जंतूंचं खाणं. निसर्गाने आईच्या दुधात त्यांचाही वाटा ठेवलाय! हीच वस्ती अन्नातून अंगाला किती ताकद लागायची, त्यातही हात घालते.

कॅनडात ७५७ बाळांचा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये छापून आला. तीन-चार महिन्यांच्या बाळांची शी तपासली, घरात काय वापरून साफसफाई होते ते विचारलं. जिथे जंतुनाशकं वारंवार वापरली जात, तिथल्या बाळांच्या आतड्यातले जंतू वेगळे निघाले, आणि तीन वर्षांची झाल्यावर त्या मुलांचं वजन उंचीच्या मानाने जास्त भरलं. जंतुनाशकानेच वजन वाढलं असं यावरून सिद्ध होत नाही. पण टीव्हीवरच्या जाहिरातीला घाबरून रोज घरभर फिनेल मारायची गरज नाही, एवढं आम्ही नक्की म्हणू. लादी साध्या पाण्याने किंवा थोड्या साबणाने पुसली तरी चालते. बाळ रांगतं तिथे तर तेच बरं.

मग स्वच्छता सोडायची का? मुळीच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अडीच लाखांहून जास्त मुलांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा पहिल्या वर्षात संसर्ग झालेल्या मुलांत पुढे लठ्ठपणा जास्त दिसला. संसर्ग होऊनही अँटिबायोटिक न घेतलेल्या मुलांत तो धोका सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होता. त्या अभ्यासात दोष औषधाचा नव्हे, आजारपणाचा दिसला. दुसऱ्या काही अभ्यासांत मात्र पहिल्या काही महिन्यांतल्या अँटिबायोटिकचाही संबंध आढळला. डॉक्टरांची ओढाताण चालू राहू दे. आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. बाळ आजारीच कमी पडावं. डॉक्टरांनी दिलेलं औषध पूर्ण द्यावं. आणि साध्या सर्दीला मेडिकलमधून मागच्या वेळची बाटली आणू नये.

हात कुठे धुवायचे, यावर आमचा जोर जास्त आहे. संडासाहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी आणि बाळाला भरवण्याआधी. साबणाने हात धुतले तर जुलाब साधारण तीस टक्क्यांनी कमी होतात, असं अनेक ठिकाणी दिसून आलंय. बाळाची शी उकिरड्यावर न टाकता संडासात टाकायची; लहान बाळाच्या शीला घाण नसते, हा समज चुकीचा आहे. पाण्याच्या हंड्याला ओगराळं ठेवा, हात बुडवू नका. दुधाची बाटली शक्यतो नकोच, तिचं बूच नीट निघतच नाही, वाटी-चमचा बरा.

पहिला चीक पाजा, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध नको, गुटी नको, पाणीही नको. रोटाव्हायरसची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला असते, ती चुकवू नका.

एक सांगायलाच हवं. मुलाचं वजन वाढण्यात मोठा वाटा अजूनही खाण्याचा आणि बसून राहण्याचा आहे. पाच रुपयांची कुरकुरीत पुडी आणि हातातला मोबाईल, यांच्यापुढे जंतूंची गोष्ट छोटी आहे. पण ती पहिल्या वर्षातच घडते, म्हणून गरोदर बायांच्या बैठकीत तिला जागा द्या.

आणि जुलाब लागलेच, तर दूध बंद करू नका. जलसंजीवनी द्या. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या आणि जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी त्या चौदा दिवस पूर्ण करा. बाळ मलूल झालं, दूध ओढेना किंवा शीतून रक्त आलं, तर थांबू नका, लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.