गंज कुठे आहे, ते आधी पाहा

दापोली-चिपळूणपासून म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत कोकणातल्या कोणत्याही मोहल्ल्यात फिरा, एखाद्या घरामागे फणसाखाली जुनी जीप उभी दिसतेच. टायर बसलेले, बॉनेटवर पालापाचोळा, मागच्या बाकावर कोंबड्यांचा मुक्काम. एके काळी याच गाडीतून वराती निघाल्या, अडलेल्या बाया दवाखान्यात पोचल्या, आंब्याच्या पेट्या बंदरापर्यंत गेल्या. मग दारात नवी मोटार आली आणि जीप झाडाखाली गेली.

आता हीच गाडी शोधत तरुण मुले गावोगाव फिरत आहेत. कुणाला डोंगरातल्या बागेसाठी हवी, कुणाला हौस म्हणून. आखातातून चार पैसे घेऊन आलेला मुलगा पहिल्याच महिन्यात अशा जीपचे फोटो घरी दाखवतो आणि आई-वडील काळजीत पडतात. आमच्याकडे शाळेत पालक येतात तेव्हा निकालाबरोबर हाही प्रश्न येतो, "सर, गंजलेली गाडी आहे, घेऊ द्यावी का?"

आम्ही मेकॅनिक नाही. पण मामूंच्या गॅरेजात आमच्या कित्येक सुट्ट्या गेल्या आणि गेल्या वर्षी पुतण्याबरोबर अशा चार जीप नीट तपासून पाहिल्या. त्या आधारावर जे सांगता येईल ते इथे मांडतो.

या गाडीची थोडी ओळख

जीप मुळात दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकेतल्या विलीज आणि फोर्ड कंपन्यांनी ती सैन्यासाठी लाखोंनी बनवली. आपल्याकडे १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी मिळून पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. मुंबईच्या माझगावात विलीज जीपच्या भागांची जोडणी सुरू झाली आणि पुढे पूर्ण गाडीच इथे बनू लागली. उंच बॉनेटची सीजे ३बी अनेक दशके निघत राहिली. १९८०च्या दशकात डिझेलवरची एमएम ५४० आली. आज झाडाखाली दिसतात त्या बहुतेक याच घराण्यातल्या.

ही ओळख उपयोगाची आहे. इतकी वर्षे एकाच साच्यातली गाडी निघाल्यामुळे तिचे बरेचसे भाग आजही बाजारात मिळतात. इंजिन मिळते, गिअरबॉक्स मिळतो, नवी बॉडीसुद्धा पत्र्यातून ठोकून मिळते. बाजारात मिळत नाहीत अशा दोनच गोष्टी आहेत, खरे कागद आणि सरळ, शाबूत चॅसी. म्हणून तपासणीचा क्रमही तोच ठेवावा. बहुतेक जण उलट करतात. आधी इंजिनाचा आवाज ऐकून खूश होतात आणि कागद शेवटी मागतात.

पहिली तपासणी कागदांची

आरसी बुकातला चॅसी नंबर गाडीच्या चॅसीवर ठोकलेल्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवा. त्या जागी ताजे वेल्डिंग, घासल्याच्या खुणा किंवा वाकडेतिकडे आकडे दिसले, तर तिथूनच परत फिरावे. इंजिन नंबरही पाहा. अनेक पेट्रोल जीपना मधल्या काळात डिझेल इंजिन बसवले गेले. तो बदल आरसीवर चढलेला नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची अडचण नव्या मालकाच्या गळ्यात पडते. हरियाणातले मंडी डबवाली जुन्या भागांतून जीप बांधण्यासाठी प्रसिद्ध आहे. परराज्यातून आलेली अशी गाडी दिसायला देखणी असते, पण तिचा मूळ कागद आणि आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय बयाणाही देऊ नये.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. झाडाखालच्या गाडीचे हे नूतनीकरण बहुधा राहिलेले असते, त्यामुळे थकलेले शुल्क, दंड आणि पर्यावरण कर किती होतो ते आरटीओत विचारून घ्यावे. गाडी पूर्वी वडापला चालत असेल, तर ती प्रवासी वाहन म्हणून नोंदलेली असेल. तिला खासगी करून घेणे हे वेगळे काम आहे.

काही विक्रेते 'व्हिंटेज आहे' असे सांगून भाव चढवतात. सरकारच्या २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदता येते. त्या नोंदणीवर प्रदर्शन, रॅली अशा कामांसाठीच ती रस्त्यावर काढता येते. रोज बागेत जायला ती नोंदणी चालत नाही. १९८८ सालची एमएम ५४० जुनी आहे, व्हिंटेज नाही.

मयत मालकाची गाडी

आमच्या पुतण्याला चारपैकी जी जीप पसंत पडली, तिचे कागद विकणाऱ्याच्या मरहूम वडिलांच्या नावावर होते. गाडी धाकट्या मुलाच्या अंगणात होती, दोन बहिणी लग्न होऊन दुसऱ्या गावी. भाऊ म्हणाला, "बहिणींना काय विचारायचं? दहा वर्षं मीच सांभाळतोय."

पुतण्याने त्याला नम्रपणे सांगितले, "भाईजान, गाडी अब्बांची, म्हणजे ती तरक्यात आली. आपांचा हिस्सा आहे. त्यांच्या सह्या झाल्याशिवाय मी पैसे देणार नाही."

कायद्यानेही मालक मयत असेल, तर फॉर्म ३१ भरून गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते आणि इतर वारसांची संमती लागते. भाऊ आठवडाभर नाराज होता. मग तो स्वतः बहिणींकडे गेला. मोठ्या बहिणीला ही गाडी अजून शिल्लक आहे हेच माहीत नव्हते. दोघींनी सह्या केल्या आणि विक्रीच्या पैशातला आपला वाटा घेतला. या कामात तीन महिने गेले. पण खरेदी करणाऱ्याने आग्रह धरला म्हणून दोन बहिणींचा हक्क पोचता झाला. जुनी गाडी, जुने यंत्र, जुना वाडा विकत घेताना हा प्रश्न प्रत्येकाने विचारला पाहिजे.

दुसरी तपासणी चॅसीची

गंज म्हणजे काय हे आठवीतल्या मुलालाही माहीत असते. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू यांचा तो मेळ. खाऱ्या हवेत तो वेगाने होतो, म्हणून किनाऱ्यावरची गाडी घाटावरच्या गाडीपेक्षा लवकर खंगते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या मध्ये तो फुगतो आणि सांधा आतून उसवतो.

पण सगळा गंज सारखा नसतो. वरवरचा तांबूस थर तारेच्या ब्रशने निघाला आणि खाली करडे, घट्ट लोखंड लागले, तर तो गंज घाबरण्याजोगा नाही. पोपडे सुटत असतील, टोच्या दाबल्यावर आत जात असेल, तर तिथे लोखंड उरलेले नाही.

सतरंजी अंथरून गाडीखाली झोपा, हातात बॅटरी आणि छोटी हातोडी घ्या. चॅसीच्या दोन लांब पट्ट्यांवर वीतभर अंतराने हलकेच ठोका. शाबूत लोखंड टणत्कार करते, कुजलेले भद्द वाजते. पाटे जिथे चॅसीला टांगलेले असतात त्या जागा, आडव्या पट्ट्यांचे सांधे आणि मागचे टोक विशेष पाहा, कारण चिखल तिथेच साचतो. मग भूमितीचा एक साधा प्रयोग करा. पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या पिना हे चार बिंदू धरून दोरीने दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे भरले तर चॅसी सरळ आहे. लक्षात येण्याइतका फरक असेल तर गाडीला कधीतरी जबर ठोकर बसली आहे.

बॉडीचा पत्रा यानंतर पाहावा. पायाखालचे रबर उचलून जमीन पाहा. युद्धकाळातल्या जीपच्या जमिनीखालच्या पन्हळींत लाकूड भरलेले असे. ते पाणी धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. मात्र जमिनीला भोक पडले म्हणून गाडी नाकारू नये, पत्रा बदलता येतो. चॅसी कुजली असेल तर मात्र गाडी फुकट मिळाली तरी महाग.

चमकणाऱ्या गाडीचा ऐब

चारांपैकी सर्वांत सुंदर जीप एका व्यापाऱ्याकडे होती. हिरवा रंग, नवे टायर, नवे छप्पर. पुतण्याने खिशातून चुंबक काढले आणि बाजूच्या पत्र्यावर फिरवले. दोन ठिकाणी ते चिकटेना, कारण तिथे रंगाखाली पत्रा नव्हता, पुट्टी होती. चॅसीला खालून जाड काळा थर फासलेला होता. तो थोडा खरवडू द्या म्हटल्यावर व्यापाऱ्याने नकार दिला. आम्ही सलाम करून निघालो.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या पैगंबरांचा (स.) प्रसंग आपल्या वाचकांना ठाऊक आहे. ओला भाग वर ठेवावा म्हणजे लोकांना दिसेल, ही त्यातली शिकवण. गाडीच्या बाबतीतही तेच. उघडा गंज हा वर ठेवलेला ओला दाणा आहे. तो पाहता येतो, मोजता येतो, त्याप्रमाणे भाव ठरवता येतो. फसगत होते ती रंगाखालच्या गंजाने. विकणाऱ्यांनी ऐब सांगावा, घेणाऱ्यांनी विचारावा आणि दोघांनी ते कागदावर लिहून ठेवावे.

तिसरी तपासणी यंत्राची

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. आपण पोचण्याआधीच ते गरम करून ठेवले असेल तर कारण विचारावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते, सतत पांढरा दाट धूर आणि ऑइलवर दुधी फेस म्हणजे पाणी आत शिरते. वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनाला एकदम सेल्फ मारू नये. मिस्त्रीकडून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून ते आधी हाताने फिरवून पाहावे.

फोर-व्हील लागते का, हे मऊ मातीत किंवा वाळूत पाहावे. पुढची चाके ओढतात का, लो गिअरमध्ये गाडी मुंगीच्या चालीने चढते का, ते कळते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ही परीक्षा घेऊ नये, गिअरवर विनाकारण ताण येतो.

ब्रेककडे आई-वडिलांनी जातीने लक्ष द्यावे. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकाच वाटेने ब्रेक ऑइल जाते. एक नळी फुटली की पेडल थेट खाली. सीजे ३बीमध्ये इंधनाची टाकी चालकाच्या सीटखाली असते, ती गंजून पाझरत असेल तर आधी ती बदलावी. या गाड्यांना सीटबेल्ट नव्हते, दारे नव्हती, मागे समोरासमोर बाक. म्हणून लहान मुलांना मागे बसवून महामार्गावर जाण्यासाठी ही गाडी नव्हे, हे घेण्याआधीच घरात ठरवून टाकावे.

भाव कसा ठरवावा

इथे साधे अंकगणित उपयोगी पडते. समजा, तशीच पण चालू अवस्थेतली, कागद पूर्ण असलेली जीप ४ लाखांना मिळते. आपल्या मिस्त्रीने लेखी अंदाज दिला. पत्रा आणि वेल्डिंग ७० हजार, ब्रेक-स्टिअरिंग ४० हजार, टायर-बॅटरी ४० हजार, वायरिंग आणि रंग ५० हजार. एकूण २ लाख. त्यावर चौथा हिस्सा, म्हणजे ५० हजार, न दिसणाऱ्या दुखण्यांसाठी. उरले दीड लाख. तोच आपला वरचा भाव, त्यापुढे जाऊ नये. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, आपल्या गावचे भाव स्वतः काढावेत.

आमच्या वहिनींनी पुतण्याला एकच अट घातली होती. धाकट्या बहिणीच्या डी. फार्मसीची दोन वर्षांची फी आधी बाजूला ठेवायची, उरलेल्या पैशात जीप बसली तर घ्यायची, कर्ज काढायचे नाही. त्याने तसेच केले. म्हणून नवे छप्पर आणि रंग पुढच्या हंगामावर गेले. सध्या ती जीप तांबूस-करड्या रंगातच कातळावरच्या बागेत ये-जा करते. येणारे-जाणारे हसतात. पण खाली वाकून पाहिले तर चॅसी घट्ट आहे, ब्रेक नवे आहेत आणि आरसीवर त्याचे नाव आहे.

तुमच्या मुलाने अशा गाडीचा फोटो दाखवला, तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. तारेचा ब्रश, हातोडी, चुंबक आणि दोरी देऊन त्याला गाडीखाली पाठवा. आणि निघण्याआधी आरसी बुकावर नाव कुणाचे आहे, ते वाचायला सांगा.