नारळाचा भात : वर्ज्य नव्हे, बेताचा

घरातील वडीलधाऱ्यांना एखादा पदार्थ मनापासून खावासा वाटतो आणि घरातील मंडळी काळजीपोटी ताट मागे ओढतात, हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. नारळाच्या रसात शिजवलेला भात हा अशाच वारंवार नाकारल्या जाणाऱ्या पदार्थांपैकी एक. कळंबपासून अर्नाळ्यापर्यंतच्या किनारपट्टीवर माडांच्या सावलीत आयुष्य घालवलेल्या माणसाला नारळ कायमचा वर्ज्य सांगणे म्हणजे त्याच्या जिभेची ओळखच पुसण्यासारखे आहे. तेव्हा 'खावा की खाऊ नये' याऐवजी 'कसा, किती आणि केव्हा खावा' हा प्रश्न विचारणे अधिक हिताचे ठरेल.

मलय देशीचा आप्त

श्रावणातील नारळी पौर्णिमेला आपण गूळ घालून गोड नारळीभात करतो. मलेशिया-सिंगापुरात याच भाताचे खारे भावंड रस्त्यावरच्या गाड्यांवर सकाळी सकाळी विकले जाते. त्याचे नाव 'नासी लेमाक'. नासी म्हणजे भात आणि लेमाक म्हणजे स्निग्ध. केवड्याच्या कुळातील एका सुवासिक पानासह नारळाच्या दुधात शिजवलेला भात, सोबत मिरचीची झणझणीत 'साम्बाल' चटणी, तळलेली बारीक सुकी मासळी, शेंगदाणे, काकडीच्या चकत्या आणि उकडलेले अंडे, असा त्याचा थाट असतो. पूर्वापार तो केळीच्या पानात बांधून देतात. मलेशियाच्या न्याहारी संस्कृतीला 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्यात या पदार्थाचाही मान आहे. लेकीसुनांकडे तिकडे गेलेल्या आजीआजोबांना ही चव परकी वाटत नाही, यात नवल ते काय? नारळ, भात, सुकी मासळी आणि केळीचे पान ही तर आपल्याही किनाऱ्याची सामग्री.

सारेच बंद करण्यातील धोका

उतारवयात भूक मंदावते, चव आणि वास कमी जाणवतात. अशा वेळी मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार अशा कारणांनी एकेक पदार्थ वगळत गेलो, तर ताटात उरते ते बेचव अन्न. मग खाणे घटते, वजन उतरते, स्नायू क्षीण होतात आणि तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. वृद्धांचे नकळत घटणारे वजन ही दुर्लक्ष करण्याजोगी बाब नव्हे. आवडीचा पदार्थ बेताने देणे हाही शुश्रूषेचाच भाग आहे.

अर्थात नारळाचे गुणदोषही नीट जाणून घ्यावेत. नारळातील मेदापैकी सुमारे नऊ दशांश भाग संपृक्त असतो. असा मेद अधिक झाल्यास रक्तातील अहितकर कोलेस्टेरॉल वाढते. म्हणून हा भात रोजचा नसावा, प्रसंगाचा असावा. मधुमेहींनी शिजवलेला भात अर्धी ते पाऊण वाटीच घ्यावा, त्यासोबत अंडे, मासळी किंवा उसळ आणि भरपूर काकडी घ्यावी. औषधाची मात्रा मात्र स्वतःच्या मनाने बदलू नये. रक्तदाब असलेल्यांनी सुकी मासळी आणि चटणीतील मिठाचा हिशेब ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरेसे मानले आहे. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमवर निर्बंध असल्यास नारळाचा रस घेण्याआधी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

गाडीवर खाताना

किनाऱ्यावर फिरायला गेल्यावर गाडीवरचे खाण्याचा मोह होणारच. भाताच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. तांदळात असणाऱ्या काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात उष्ण हवेत तासन् तास पडून राहिला, की ती वाढून विष तयार करतात, आणि ते विष भात पुन्हा तापवल्यानेही नष्ट होत नाही. नारळाचा रसही लवकर आंबतो. तरुणाला एक दिवसाची उलटी-जुलाब सोसते. वृद्धाच्या शरीरातील पाणी मात्र झपाट्याने घटते आणि प्रसंग रुग्णालयापर्यंत जातो.

म्हणून वाफाळता भात समोर वाढला जात असेल तरच घ्यावा. भात शिजून दोन तासांहून अधिक काळ उघड्यावर असेल, किंवा कडक उन्हाळ्यात एका तासाहून अधिक, तर नम्रपणे नकार द्यावा. अंडे पूर्ण उकडलेले असावे. विक्रेत्याचे हात, पाणी आणि झाकण यांकडे एकवार पाहावे. एकच पुडा दोघांत वाटून घेतला तर आनंदही राहतो आणि प्रमाणही.

कवळी असलेल्यांनी शेंगदाणे आणि काटेरी मासळी टाळावी. गिळताना ठसका लागणाऱ्यांना सुटा भात देऊ नये. तो मऊ, ओलसर करून, ताठ बसवून, लहान घासांनी भरवावा.

घरचा सौम्य प्रकार

एक वाटी तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवावा. त्यात अर्धी वाटी नारळाचा पातळ रस, दोन वाट्या पाणी, आल्याचा तुकडा आणि चिमूटभर मीठ घालून मऊ शिजवावा. घट्ट रसाऐवजी पातळ रस घेतल्याने स्निग्धता घटते, सुवास मात्र टिकतो. सोबत काकडी, उकडलेले अंडे किंवा वाफवलेली ताजी मासळी द्यावी. शाकाहारी घरांत मटकीची उसळ उत्तम. चटणी वेगळ्या वाटीत द्यावी, म्हणजे तिखट किती घ्यायचे हे खाणारा ठरवील. उरलेला भात लगेच थंड करून शीतकपाटात ठेवावा, दुसऱ्या दिवशी पूर्ण तापवून संपवावा, त्यापुढे ठेवू नये.

आणि हा भात शक्यतो दुपारच्या जेवणात, सर्वांच्या पंगतीत वाढावा. स्निग्ध अन्न रात्री जड जाते, हे एक कारण. दुसरे असे, की एकट्याने खाल्लेल्या चार घासांपेक्षा नातवंडांसोबत खाल्लेले दोन घास वृद्धाच्या अंगी अधिक लागतात, असा अनेक घरांचा अनुभव आहे.