उतारावरचे चार टक्के

पाचगणीच्या लॉजवाल्यानं रात्रभर प्लग लावू दिला होता. सकाळी स्कूटरच्या पडद्यावर १०० हा आकडा बघून मन प्रसन्न झालं. मागे बायको, तिच्या मांडीवर स्ट्रॉबेरीची खोकी. पसरणी घाटाच्या दुसऱ्या वळणावर लक्षात आलं, की मूठ सोडली तरी गाडी आवरत नाहीये. एरवी पुण्यात मूठ सैल केली की मागून कुणी शर्ट धरून ओढावं तशी ती मंदावते. त्या दिवशी ती नुसती घरंगळत होती. दोन्ही ब्रेक दाबत, मध्ये दोनदा थांबत कसेबसे खाली आलो. तोवर मागच्या चाकाशी जळका वास येत होता आणि माझ्या डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या.

वाईतल्या गॅरेजवाल्या पोरानं गाडीकडे पाहिलंही नाही, आधी पडद्याकडे पाहिलं. ‘‘काका, फुल करून घाट उतरलात व्हय? अवो, पोट भरलेल्याला वाढून काय उपेग? ती घेणार कुठं?’’

बॅटरी पूर्ण भरलेली असली की मूठ सोडल्यावर लागणारा ब्रेक लागत नाही, हे कंपनीच्या पुस्तिकेत छापलेलं होतं, पण बारीक टायपात आणि अशा पानावर, जिथं माझ्यासारखा माणूस कधी पोचत नाही. गाडी विकणाऱ्यानं मात्र ‘चालवता चालवता चार्ज होते साहेब’ हे वाक्य दोनदा ऐकवलं होतं. वाक्य खोटं नाही. पण त्यात ‘किती’ आणि ‘केव्हा’ हे दोन शब्द गाळलेले आहेत, आणि सगळी गंमत त्या दोन शब्दांतच आहे.

ज्यांच्या सायकलीला डायनॅमो होता त्यांना रिजनरेटिव्ह ब्रेकिंग समजावून सांगायची गरज नाही. डायनॅमोची बाटली टायरला टेकवली की दिवा लागायचा आणि त्याच क्षणी पॅडल जड व्हायचं. वीज फुकट येत नव्हती, आपल्या पोटऱ्यांतून येत होती. इलेक्ट्रिक गाडीची मोटर हा तसाच डायनॅमो, फक्त दोन्ही बाजूंनी चालणारा. बॅटरीतून वीज दिली की ती चाक फिरवते. वीज बंद करून चाकानं तिला फिरवलं की तिच्यातले चुंबक तांब्याच्या वेटोळ्यांसमोरून धावतात आणि वीज तयार होते. ती वीज कुणी घेतली की मोटर जड होते. ते जड होणं म्हणजेच ब्रेक. साधा ब्रेक चाकाची धाव घासून उष्णता करतो आणि वाऱ्यावर सोडतो. हा ती धाव बॅटरीत ठेवतो. मेकॅनिक मंडळी याला नुसतं ‘रिजेन’ म्हणतात. आपणही तेच म्हणू.

यात एक अडचण आहे. बॅटरी समजा पन्नास व्होल्टची. चाक हळू फिरत असेल तर मोटरमधून येणारा दाब वीस-पंचवीस व्होल्टच. खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत आपोआप कसं चढणार? इथं मोटर आणि बॅटरी यांच्यामधला कंट्रोलर कामाला येतो. घरातला नळ जोरात चालू असताना एकदम बंद केला, तर भिंतीतला पाइप धाडकन वाजतो. वाहत्या पाण्याला थांबायचं नसतं, म्हणून क्षणभर त्याचा दाब उसळतो. मोटरच्या वेटोळ्यांतल्या विजेचाही हाच स्वभाव. कंट्रोलर वेटोळ्यांची टोकं क्षणभर एकमेकांना जोडतो, प्रवाह वाढू देतो आणि झटकन तोडतो. प्रवाहाला थांबायचं नसतं. दाब उसळतो, बॅटरीच्या दाबावर जातो आणि वीज आत शिरते. हे सेकंदाला हजारो वेळा. आपल्या कानाला फार तर एक बारीक शीळ ऐकू येते. अगदी शेवटी, गाडी माणसाच्या चालीनं रांगत असताना, येणारी वीज मोटरच्या स्वतःच्या तापण्यातच संपते. म्हणून सिग्नलला पूर्ण थांबायला हाताचा ब्रेक लागतोच.

आता ‘किती’. गाडी आणि माणूस मिळून १८० किलो, वेग ताशी ४५ किलोमीटर. या धावेत साठलेली ऊर्जा येते १४ हजार ज्यूल, म्हणजे जेमतेम ४ वॉट-तास. मोटर, कंट्रोलर, बॅटरी प्रत्येकानं आपापली दलाली घेतली की साठ टक्के हाती लागले तरी खूप. किलोमीटरला ३० वॉट-तास खाणारी स्कूटर धरली, तर एका सिग्नलला थांबून मिळवलेली कमाई तिला पाऊणशे-ऐंशी मीटर नेते. पुढच्या चहाच्या टपरीपर्यंत म्हणा. आणि ही गोष्ट वेगाच्या वर्गावर चालते, त्यामुळे लक्ष्मी रोडच्या गर्दीत ताशी वीसच्या वेगानं थांबलात, तर यातला पाचवा हिस्साच.

ई-सायकलची गोष्ट आणखी केविलवाणी. शंभर किलो वजन, ताशी २५चा वेग, हिशेब पाऊण वॉट-तासाच्याही खाली. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकलींच्या हब मोटरमध्ये गिअर आणि एकाच दिशेनं पकडणारं फ्रीव्हील असतं. वीज बंद असताना मोटरचं ओझं पायांवर पडू नये, म्हणून ती सोय. पण मग चाक मोटरला फिरवूच शकत नाही आणि रिजेनचा प्रश्नच मिटतो. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. पाऊण वॉट-तासासाठी रोज जड पॅडल कोण मारील?

वजन वाढलं की चित्र पालटतं. दीड टनाची मोटार ताशी साठवरून थांबवली, तर ५८ वॉट-तास. म्हणून चारचाकीवाले रिजेनच्या पातळ्या बदलायला स्टीअरिंगमागे पॅडल देतात, आणि सरावलेला चालक दिवसदिवस ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावत नाही. याचा एक उलटा परिणाम म्हणजे न वापरल्यानं डिस्कला गंज चढतो. फोक्सवॅगननं आपल्या आयडी थ्री या इलेक्ट्रिक गाडीला मागे डिस्क सोडून जुने बंदिस्त ड्रम ब्रेक दिले, त्यामागे हेही एक कारण. कोकणातल्या पावसात गाडी चार महिने उभी करणाऱ्यांना हे लगेच पटेल.

पण वजन आणि उतार दोन्ही हवेत, तर रेल्वेकडे जायला हवं. आणि महाराष्ट्रात रेल्वे आणि उतार म्हटलं की बोरघाट.

पळसदरीच्या बाजूनं खंडाळ्याकडे चढणारा हा घाट १८६३ साली सुरू झाला. सुमारे २५ किलोमीटरमध्ये १८३१ फूट चढ, काही ठिकाणी ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. वाफेच्या इंजिनांची दमछाक चढताना व्हायची, पण खरी धास्ती उतरताना असायची. लाकडाच्या नाहीतर ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यांनी शेकडो टन आवरायचे, चाकं तापायची, ठोकळे झिजायचे. ब्रेक सुटलेल्या गाडीसाठी घाटात चढावर जाणारे आंधळे फाटे काढून ठेवले होते. आजही खाली येणाऱ्या गाड्या मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडीला ब्रेक तपासायला थांबतात. गाडी मध्येच का थांबली म्हणून खिडकीतून डोकावणाऱ्यांना माकडं दिसतात, कारण दिसत नाही. (रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’, म्हणजे घाट उतरणारी गाडी कागदावर वर जात असते. यावर कुणीतरी स्वतंत्र लेख लिहावा.)

१९२९ साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं हा मार्ग पुण्यापर्यंत विजेवर आणला. १५०० व्होल्ट डीसी. मालगाड्यांसाठी जी इंजिनं आली ती दिसायला विचित्र: मध्ये खोकं, पुढे-मागे लांब नाकं, आणि चाकांना बाहेरून जोडणारे लोखंडी दांडे. युरोपात असल्या इंजिनाला मगर म्हणतात. आपल्या रेल्वेवाल्यांनी त्याला खेकडा केलं, आणि त्याच्या कण्हण्यासारख्या आवाजासह ते नाव चिकटलं. पहिली काही स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमध्ये बांधली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत, एकंदर ४१. त्यातल्या एकाला मुंबईच्या गव्हर्नराचं नाव मिळालं, सर लेस्ली विल्सन. ते आता दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. स्विस मंडळींना घाट नवा नव्हता. गोट्टहार्डच्या चढावर त्यांनी असल्या मगरी आधीच चालवल्या होत्या.

खेकड्यात रिजेन होतं. स्कूटरच्या नव्वद वर्षं आधी. आणि ते सोपं नव्हतं. त्या काळच्या डीसी सिरीज मोटरमध्ये कायमचे चुंबक नसतात. तिचा चुंबक तिच्याच प्रवाहावर जगतो. तिच्याकडून शिस्तीत वीज करून घ्यायची, तर चुंबकाला बाहेरून वेगळा प्रवाह पुरवावा लागतो आणि वेगाप्रमाणे तो सांभाळावा लागतो. आज मायक्रोचिप करते ते काम तेव्हा ड्रायव्हरचा हात आणि त्याची ॲम्पिअरच्या काट्यावरची नजर करत असे.

कमाई किती, ते बघा. हजार टनांची गाडी १८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर खाली आली, तर उंचीत साठलेली ऊर्जा निघते १५०० युनिट, म्हणजे किलोवॉट-तास. घासण्यात आणि यंत्रात निम्मी गेली असं धरलं तरी साडेसातशे युनिट तारेत परत. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराचे साडेसात महिने, एका उतरणीत.

आता ‘केव्हा’. तारेत परत, पण घेणार कोण? वाईच्या पोराचा प्रश्न इथंही उभाच आहे. इंजिनाला बॅटरी नाही. त्याच तारेखाली त्याच वेळी दुसरी गाडी चढत असेल, तर उत्तम: पुण्याहून उतरणारी मालगाडी कर्जतहून चढणारीला ढकलते, दोघींमध्ये नुसती एक तांब्याची तार. विहिरीच्या रहाटाला दोन घागरी बांधाव्यात, तसं. चढणारी नसेल तर वीज उपकेंद्रातून मागे ग्रिडमध्ये जायला हवी. फिरत्या यंत्रांचं उपकेंद्र असेल तर ते उलटंही फिरू शकतं. साध्या रेक्टिफायरचं असेल तर तो दरवाजा एकाच बाजूनं उघडतो. मग तारेतला दाब वाढत जातो आणि इंजिनाला निमूटपणे घासणाऱ्या ब्रेककडे वळावं लागतं, नाहीतर ती वीज रोधकांच्या जाळ्यांत तापवून सोडून द्यावी लागते. म्हणजे पसरणीत मला आलेला अनुभव, फक्त हजार टनांचा.

खेकडे घाटातून निवृत्त झाल्यावर मुंबईच्या यार्डात डबे हलवत राहिले. डीसी गेलं, २५ हजार व्होल्टचं एसी आलं, आणि आजची थ्री-फेज इंजिनं पेंटोग्राफमधून सरळ ग्रिडला वीज परत करतात. ग्रिड एवढं मोठं, की कुणी ना कुणी घेणारा असतोच. दिल्ली मेट्रोनं याच परतीच्या विजेवर संयुक्त राष्ट्रांकडून कार्बन क्रेडिट मिळवलं. २००४ ते २००७ या काळात ९० हजार टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड वाचल्याचा तो दाखला होता. दर किलोमीटर-दीड किलोमीटरला थांबणारी जड गाडी, शेजारच्या रुळावर सुटायच्या तयारीतली दुसरी, यापरती चांगली पंगत मिळणार नाही.

सगळ्यांत हेवा वाटावा असं गिऱ्हाईक मात्र पुन्हा स्वित्झर्लंडमध्येच आहे. बीलजवळच्या सिमेंटच्या खाणीत एक विजेवरचा डंपर चालतो. रिकामा असताना ४५ टनांचा, तो डोंगर चढतो, वर ६५ टन दगड भरून घेतो आणि भरल्या अंगानं उतरतो. चढताना खर्च केलेली वीज उतरताना भरून निघते. यात जादू नाही, दगड वर होते म्हणून. डोंगर थोडा थोडा खाली येतोय, त्याचंच हे बिल भरलं जातंय. मोबाइलवर फिरणाऱ्या ज्या व्हिडिओंमध्ये पुढच्या चाकाला डायनॅमो लावून ‘कायम चालणारी स्कूटर’ दाखवतात, तिथं असा डोंगर कुठं दिसत नाही.

माझ्या स्कूटरच्या वाट्याला पसरणी घाट. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत पावणेसहाशे मीटरांचा फरक, योगायोगानं जवळजवळ बोरघाटाएवढाच. गाडी, आम्ही दोघं आणि स्ट्रॉबेरी मिळून अडीचशे किलो. ३९० वॉट-तास उंचीत. निम्मी वारा आणि टायर खाणार, उरलेल्यातले चाळीस टक्के यंत्र खाणार. तीन युनिटांच्या बॅटरीत चार टक्के यायला हवेत. सुमारे एकशेवीस वॉट-तास, रुपयात धरलं तर दीड रुपयाच्या आत. कागदावर हे लिहिल्यावर मला हसू आलं. पण त्या दीड रुपयासोबत ब्रेकचे शू शाबूत राहतात आणि हाताची बोटं बधिर होत नाहीत. दुचाकीवर रिजेनचा खरा नफा विजेचा नाहीच, तो ब्रेकचा आहे. विकणारे तो सांगत नाहीत, कारण आकड्यात मांडता येत नाही. एक सावधगिरी मात्र हवी: ब्रेक लागताना वजन पुढच्या चाकावर जातं आणि मोटर असते मागच्या चाकाला. ओल्या रस्त्यावर मागचं चाक फार जोरानं धरलं तर ते घसरतं, म्हणून कंपन्या दुचाकीचं रिजेन मुद्दाम मवाळ ठेवतात.

पुढच्या हंगामात पुन्हा गेलो. त्याच लॉजवर. रात्री साडेदहाला उठून प्लग काढायला गेलो तेव्हा पडद्यावर ८५ होते. लॉजवाला गेटला कुलूप लावत होता.

‘‘साहेब, पूर्ण होऊ द्या की. मी काय जास्त पैसे मागत नाही.’’

म्हटलं, ‘‘राहू द्या, उरलेली घाटात भरतो.’’

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वर खिडकीत उभ्या असलेल्या बायकोकडे, आणि काही न बोलता किल्ली खिशात टाकली.

सकाळी मूठ सोडली की गाडी शर्ट धरून ओढत होती. वळणावळणाला पडद्यावरचा हिरवा पट्टा फुलायचा, मिटायचा. वाईत पुलाशी थांबलो तेव्हा आकडा होता ८९. मागच्या ड्रमला बोट लावून पाहिलं. कोमट होता.