गाडीतला योगक्षेम



मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "सर, नवीन एसयूव्ही घेतलीय. अडीअडचणीसाठी तिच्यात काय काय ठेवावं, यावर तुमचं तत्त्वज्ञान काही सांगतं का?" त्यांना वाटलं, मी हसेन. मी हसलो नाही. कारण या प्रश्नाचं उत्तर मला एकदा भर पावसात, घाटात शिकावं लागलंय. तेव्हा आजचा विषय हाच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनचा पहिला आठवडा. मी आणि पत्नी कोकणातून ताम्हिणी घाटाने पुण्याला येत होतो. गाडीत मागे आंब्याच्या सहा पेट्या. रात्रीचे साडेआठ, पाऊस, वर धुकं. एका वळणावर मागचं चाक दगडावर आदळलं आणि टायर बसला.

आता गंमत बघा. माझ्या गाडीत सगळं होतं. मी प्राध्यापक माणूस, यादी करण्यात पटाईत. बेचाळीस वस्तूंची यादी होती माझी. जॅक, पाना, टॉर्च, लाल त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी, ग्लुकोजची पूड, अगदी सुईदोरासुद्धा. (हशा) आणि हे सगळं एका सुंदर खोक्यात, डिकीच्या फळीखाली. फळीवर पिशव्या, पिशव्यांवर आंबे.

मी पावसात एकेक पेटी उतरवत होतो आणि पत्नी मागे उभी राहून मोबाईलचा दिवा हलवत होती. एक गाडी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अहो, मला दरदरून घाम येतोय." तिला मधुमेह आहे. पौडला पोचून जेवायचं म्हणून तिने औषध आधीच घेतलं होतं. साखर उतरत होती. ग्लुकोज कुठे? खोक्यात. खोकं कुठे? आंब्याखाली.

तेवढ्यात एक टेम्पोवाले दादा थांबले. त्यांनी दारातल्या कप्प्यातून टॉर्च काढला, सीटमागून त्रिकोण काढला, वळणाच्या अलीकडे नेऊन ठेवला आणि थर्मासमधला गोड चहा पत्नीच्या हातात दिला. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. त्यांच्याकडे पाच-सहा वस्तू होत्या, माझ्याकडे बेचाळीस. पत्नी सावरली. पुढे कळलं की माझ्या स्टेपनीत हवाही निम्मीच होती. रांगत रांगत पंक्चरवाल्यापर्यंत आलो. आपल्याकडे म्हण आहे ना, असून अडचण नसून खोळंबा. माझं सामान दोन्ही होतं.

त्या रात्रीनंतर मला एक जुना शब्द नव्याने कळला: योगक्षेम. एलआयसीच्या बोधचिन्हाखाली तुम्ही तो वर्षानुवर्षं पाहिलाय. शंकराचार्य त्याची फोड करतात. जे आपल्याकडे नाही ते मिळवणं म्हणजे योग, आणि मिळालेलं राखणं म्हणजे क्षेम. गीतेतला संदर्भ फार वरचा आहे, मी तो गाडीच्या डिकीत उतरवतोय, क्षमा असावी. पण आपण खरेदीला, म्हणजे योगाला, सगळं महत्त्व देतो. वस्तू कुठे ठेवली, ती चालू स्थितीत आहे का, अंधारात हाताला लागेल का, हा झाला क्षेम. माझा योग उत्तम होता, क्षेम शून्य.

आता निवडीकडे येऊ. "मला कशाची गरज लागेल?" हा प्रश्न अपुरा आहे. त्याने यादी वाढतच जाते. त्याला जोडून विचारा, "गरज लागेल तेव्हा मी कोणत्या अवस्थेत असेन?" अंधार असेल, पाऊस असेल, हात थरथरत असतील, कदाचित पट्टा लावलेला असेल आणि गाडी उलटी असेल. स्टोइक विचारवंत, विशेषतः सेनेका, संकटाची आगाऊ कल्पना करून बघा असं सांगत. भीती वाढवण्यासाठी नव्हे, संकट आलं तर ते अनोळखी वाटू नये म्हणून. तोच व्यायाम इथे करायचा.

तो केला की वस्तूंचे आपोआप तीन गट पडतात.

पहिला गट: बसल्या जागी, पट्टा न सोडता हात पोचेल तिथे. यात काच फोडायची हातोडी आणि पट्टा कापायचं पातं, टॉर्च, छोटं अग्निशामक, आणि ज्याला लागतं त्याच्यासाठी साखर. हातोडीचं सांगतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मुंबईत काही माणसं बंद गाड्यांत अडकून गुदमरून गेली. पाणी चढलं की बाहेरच्या दाबाने दार उघडत नाही आणि विजेवर चालणारी काच कधी बंद पडेल सांगता येत नाही. म्हणून पाणी चढायला लागलं की आधी काच खाली करायची, सामानाचा विचार नंतर. ते जमलं नाही तर हातोडी. ती बाजूच्या काचेवर, कोपऱ्यात मारायची. पुढची काच दोन थरांमध्ये पडदा घालून केलेली असते, ती तडकते पण मोकळी होत नाही. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात, तेव्हा आपल्या गाडीचं पुस्तक आजच उघडून बघा.

साखरेचंही सांगतो. साखर उतरली, माणूस शुद्धीवर आहे आणि गिळू शकतोय, तर तीन चमचे साखर किंवा तेवढंच ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. चॉकलेटवर विसंबू नका, त्यातल्या स्निग्धामुळे साखर सावकाश चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा.

दुसरा गट: मागचं दार उघडलं की पहिल्यांदा दिसेल तिथे. लाल त्रिकोण, चमकणारं जाकीट, रेनकोट, हातमोजे, जॅक, पाना आणि जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा, कारण ओल्या मातीत जॅक रुततो. काही गाड्यांत जॅकची जागा फळीखालीच असते. मग प्रवासाला निघताना तो वर काढून पट्ट्याने बांधा.

त्रिकोण किती मागे ठेवायचा? हिशेब करा. ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर कापते. त्रिकोण 50 मीटरवर असेल तर मागच्याला दोन सेकंदही मिळत नाहीत. म्हणून एक्स्प्रेसवेवर निदान 100 मीटर आणि घाटात वळणाच्या अलीकडे, माझ्या त्या दादांनी ठेवला तसा. नेताना तो छातीसमोर, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून धरा. आणि माणसांना रस्त्यावर उभं करू नका, कठड्यापलीकडे सुरक्षित जागा असेल तर तिकडे न्या. पत्नीला मी दिवा हलवत उभी केली, ही माझी त्या रात्रीची सगळ्यात मोठी चूक.

तिसरा गट: सामान काढून मिळालं तरी चालेल असं. जंपर केबल, ओढायचा पट्टा, जुना टॉवेल, चादर, जादा पाणी. नव्या गाड्यांत ओढायचा हूक सुटा असतो, तो कुठे बसतो हे दिवसाउजेडी एकदा बसवून बघा.

रोजच्या वस्तूंचं काय? छत्री, सुटे पैसे, जादा चष्मा, औषधांची चिठ्ठी, चार्जिंगची वायर. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये चालतात हो, पण फोन मेला की लॉकरही मेला. आणि एका कागदावर फोन नंबर लिहून ठेवा: घरचे, 112, राष्ट्रीय महामार्गासाठी 1033. आपल्याला आता बायकोचा नंबरही पाठ नसतो. (हशा)

आता एसयूव्हीचं वेगळेपण. सेडानची डिकी बंद खोली असते. एसयूव्हीत सामान आणि माणसं एकाच खोलीत राहतात. ताशी 50 किलोमीटरच्या वेगात गाडी आदळून थांबली, तर मागे मोकळी पडलेली लिटरभराची बाटली त्याच वेगाने पुढे येते. हा वेग म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून टाकलेल्या बाटलीचा. तिथे जॅक ठेवून बघा मनात. म्हणून जड वस्तू खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकून, बांधून. सीटच्या उंचीच्या वर मोकळं काही नको. टपावरही जड सामान नको. उंच गाडीचा तोल आणखी वर जातो आणि वळणावर ती ते लक्षात आणून देते. आणि चालकाच्या पायाशी बाटली कधीच नाही. ब्रेकखाली ती गेली की संपलं.

उन्हात उभी गाडी म्हणजे भट्टी. लायटर, सेंटचे डबे, सुटी पॉवर बँक, इन्सुलिन यातलं काहीही गाडीत मुक्कामाला ठेवायचं नाही. ते तुमच्याबरोबर चढेल, तुमच्याबरोबर उतरेल. कॅनमधलं पेट्रोल तर नकोच.

स्टेपनीबद्दल एक गंमत. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जादा चाक बनवायला लागले, आणि त्या रस्त्याचं नाव आपल्या पंक्चरवाल्याच्या तोंडी बसलं. 2020 च्या नियमबदलानंतर काही गाड्यांना स्टेपनीऐवजी पंक्चर दुरुस्तीचा संच चालतो. तो संच छोट्या भोकाला ठीक आहे, टायर बाजूने फाटला तर निरुपयोगी. तुमच्या गाडीत यांपैकी काय आहे, हे घाटात कळू नये.

शेवटी क्षेम टिकवायचा कसा? वर्षातले दोन दिवस ठरवा. एक मृगाच्या आधी, एक दसऱ्याला. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतोच. त्याआधी गाडी पूर्ण रिकामी करा. टॉर्च लावून बघा, स्टेपनीची हवा भरा, अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का बघा, मुदत संपलेली औषधं टाका. आणि वर्षभरात जे एकदाही हाताळलं नाही आणि जे अपघाताच्या क्षणीही लागणार नाही, ते घरात न्या. माझी यादी आता सतरा वस्तूंची आहे.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय: "हे सगळं नवऱ्याला माहीत असतं, मी एकटी असेन तेव्हा काय?" फार योग्य प्रश्न. गाडीत नेहमी बसणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत हवं. आमच्या घरी आता परीक्षा पत्नी घेते. अंगणात दिवे बंद करायचे आणि एका मिनिटात टॉर्च, त्रिकोण आणि साखर बाहेर काढून दाखवायची. पहिल्या वेळी मी नापास झालो. तिने दोन मिनिटांत सगळं काढलं, आणि आंब्याच्या पेट्या मात्र त्या दिवसापासून ती मागच्या सीटवर, पट्टा लावून ठेवते.