ओझ्याची गाडी आणि वेगाची हौस

मालमोटारीचे रूप कारखानदाराच्या आवडीपेक्षा कायद्याने अधिक घडविले आहे. अमेरिकेत 1930 नंतरच्या दशकात निरनिराळ्या राज्यांनी वाहनांच्या लांबीवर मर्यादा घातल्या. लांबी ठरलेली आणि भाडे मिळावयाचे ते मालाचे. तेव्हा पुढच्या लांब नाकाने अडविलेली जागा कारखानदारांना खुपू लागली. त्यांनी चालकाची केबिनच उचलून इंजिनावर बसविली. फोर्ड कंपनीने 1938 साली अशी मालमोटार बाजारात आणली. आखूड, उंच आणि चपट्या तोंडाची ही गाडी ‘कॅब-ओव्हर’ म्हणून ओळखली जाते. पुढे 1982 च्या संघराज्य कायद्याने मोठ्या महामार्गांवरील जोडमालमोटारींच्या एकूण लांबीचे बंधन दूर केले आणि तेथे लांब नाकाच्या गाड्या पुन्हा आल्या.

अडगळीत पडलेल्या या गाड्यांकडे ‘हॉट रॉड’ बनविणाऱ्या हौशी कारागिरांचे लक्ष गेले. जुन्या गाडीचा अनावश्यक भार उतरवून व तिला जोरकस इंजिन देऊन घडविलेली वेगवान गाडी म्हणजे हॉट रॉड. कॅलिफोर्नियातील म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट पात्रांत ही हौस वाढली. शर्यतींना शिस्त लागावी म्हणून दक्षिण कॅलिफोर्नियातील मंडळांनी 1937 साली आपला संघही स्थापन केला.

परंतु कॅब-ओव्हर मालमोटार मुळात ओझ्यासाठी जन्मलेली. तिचे मागचे दाते असे असतात की, चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याला सुमारे सहा फेरे घ्यावे लागतात. त्यामुळे जोर मिळतो, वेग मिळत नाही. तिचे पाटेही भार पेलण्याइतके ताठ. रिकामी गाडी वेगात नेली, तर ती उसळते. म्हणून पुष्कळ कारागीर जुनी केबिन तेवढी ठेवतात आणि तिच्याखाली नवी चासी घालतात.

मग प्रश्न येतो इंजिनाचा. ते केबिनखालीच ठेवले, तर गाडी उंच राहते आणि उष्णता चालकाच्या पायाशी येते. केबिन खाली उतरवावयाची, तर इंजिन मागे न्यावे लागते. पण मग वजनाचा तोल बदलतो. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 1965 ची ‘लिटल रेड वॅगन’. डॉज कंपनीच्या लहान कॅब-ओव्हर पिकअपमध्ये केबिनच्या मागे सुमारे 7 लिटरचे इंजिन बसविले होते. सुटताच तिची पुढची चाके हवेत उचलली जात. प्रेक्षकांना तो तमाशा आवडला आणि गाडी त्याकरिताच गाजली. पण रस्त्यावरील गाडीची पुढची चाके उचलली, तर स्टिअरिंग निरुपयोगी ठरते.

सर्वांत कठीण हिशेब थांबण्याचा आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. ताशी 60 किलोमीटरवरून गाडी 120 वर नेणाऱ्याने ब्रेकची ताकद आधी पाहावी. फोर्डने तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक 1939 च्या गाड्यांपासून दिले. त्यापूर्वीच्या गाडीत यांत्रिक ब्रेकच आढळतात. त्यात कॅब-ओव्हरमध्ये चालकापुढे लांब बॉनेट नाही. टक्कर झाली, तर त्याचे गुडघे आणि अडथळा यांच्यामध्ये थोड्या पत्र्यावाचून फारसे काही नसते. म्हणून जाणता कारागीर चासी, ब्रेक आणि स्टिअरिंग आधी सिद्ध करतो. इंजिनाची ताकद त्यानंतर वाढवितो. रंगाचा हात सर्वांत शेवटी.

आपल्या देशात 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत, काही अपवाद वगळता, बदल करू देत नाही. हौशी माणसाला हे बंधन जाचक वाटेल. पण एक भाग हलविला की गाडीचे बाकीचे सारे गणित कसे हलते, हे ज्याने पाहिले, त्याला या सावधगिरीमागचे कारण सांगावे लागणार नाही. जुनी मालमोटार वेगवान करता येते. मात्र त्या वेगात तिला हवे तेथे थांबविता आले, तरच ते काम पुरे झाले असे म्हणावे.